नागपूर परिसरातील द्विदल चारापिके : पेरणीपासून दावणीपर्यंत

नागपूर जिल्ह्यातील गोपालकाच्या कोठ्यात सुक्या वैरणीची वानवा सहसा नसते. सोयाबीन, तूर, हरभरा आणि गहू यांचे कुटार असते, ज्वारीचा कडबा असतो, मौदा-रामटेककडे धानाची तणस असते. या वैरणीने जनावराचे पोट भरते. परंतु दूध वाढण्यासाठी, गाय वेळेवर माजावर येण्यासाठी आणि वासरांच्या वाढीसाठी लागणारी प्रथिने तिच्यात फारच थोडी असतात. ही उणीव बहुतेक ठिकाणी सरकी ढेप आणि तूर चुनी विकत आणून भरून काढली जाते, आणि दुधाच्या पैशाचा मोठा वाटा तिथेच खर्ची पडतो. लसूणघास या द्विदल चारापिकाच्या १०० किलो हिरव्या चाऱ्यात साधारण २० किलो शुष्क पदार्थ असतो आणि घास वेळेवर कापलेला असेल तर त्यात १८ ते २० टक्के प्रथिने असतात; म्हणजे जवळपास १६ किलो सरकी ढेपेतून जेवढी प्रथिने मिळतात तेवढी एका क्विंटल हिरव्या घासातून मिळतात. ढेप पूर्णपणे बंद करावी असा याचा अर्थ नाही, कारण जास्त दूध देणाऱ्या गाईला ऊर्जेसाठीही खुराक लागतोच. पण ढेपेचा खर्च बराच कमी करण्याची क्षमता द्विदल चाऱ्यात आहे.

या पिकांबद्दल हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, की बारा महिने चालेल असे एकच पीक कोणते. नागपूरच्या हवामानात असे पीक नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडून भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगली थंडी पडते, आणि मे महिन्यात, विशेषतः नवतपात, पारा ४५ अंशांपर्यंत व कधी त्याहीपुढे जातो. एकाच पिकाकडून ही तिन्ही टोके सोसण्याची अपेक्षा धरण्यापेक्षा पिकांची साखळी लावणे शहाणपणाचे ठरते, आणि ती लावण्याची रीत पुढे टप्प्याटप्प्याने दिली आहे.

जमीन आणि पाणी यांचा हिशेब आधी

वाणाचा विचार नंतर करावा. आधी आपल्या शेतातील कोणता तुकडा चाऱ्यासाठी देता येईल आणि तेथे कोणत्या महिन्यापर्यंत पाणी पुरेल हे लिहून काढावे. जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल, कळमेश्वर, हिंगणा या भागांत खोलगट ठिकाणी भारी काळी जमीन आणि चढावर उथळ, मुरमाड बरड जमीन अशी सरमिसळ एकाच गावात आढळते. पूर्वेला धानपट्ट्यात बांध्यांची जमीन असून पेंच कालव्याच्या लाभक्षेत्रात रब्बीत पाण्याची सोय होते. ढोबळमानाने सांगायचे तर भारी जमीन व मार्चपर्यंत पाणी असेल तेथे बरसीम, मध्यम ते भारी पण उत्तम निचऱ्याची जमीन व उन्हाळ्यातही विहिरीला पाणी असेल तेथे लसूणघास, पावसावर विसंबून असलेल्या शेतात खरिपाची चवळी, धुऱ्यांवर दशरथ घास व सुबाभूळ, आणि जेथे दुसरे काही धड पिकत नाही अशा बरड तुकड्यावर स्टायलो, अशी वाटणी करावी.

जमिनीची तपासणी करून घेतल्यास उत्तम. आपल्याकडील काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो, जो लसूणघास व बरसीम यांना मानवतो. मात्र या जमिनींत उपलब्ध स्फुरदाची कमतरता नेहमीची आहे, आणि द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठींना स्फुरद भरपूर लागते. म्हणून या पिकांत युरियाचा हात आखडता व सुपर फॉस्फेटचा हात मोकळा ठेवावा. चवळीला एकरी ८ किलो नत्र म्हणजे १७-१८ किलो युरिया आणि २४ किलो स्फुरद म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोंच्या ३ गोण्या पुरतात. लसूणघासाला युरिया तेवढाच, पण सुपर फॉस्फेट ४ ते ५ गोण्या द्यावे, कारण ते पीक त्या जागी दीर्घकाळ राहणार असते. स्फुरदासाठी डीएपीपेक्षा सुपर फॉस्फेट बरे, कारण त्यातून गंधकही मिळते. ही सगळी मात्रा पेरणीच्या वेळी बियाण्याच्या खाली पेरून द्यावी, कारण वरून फेकलेले स्फुरद काळ्या जमिनीत वरच्या थरातच अडकून पडते.

बियाण्याची तयारी

द्विदल चारापिकांतील अर्धे अपयश पेरणीपूर्वीच ठरलेले असते, तरीही या कामाला शेतकरी सर्वांत कमी वेळ देतात, असे माझे निरीक्षण आहे.

बरसीमच्या बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे थोडे थोडे सोडावे. कासनीचे व पोचट बी वर तरंगते, ते काढून टाकावे आणि खाली बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे, जेणेकरून मिठाचा अंश राहणार नाही. लसूणघासाच्या बाबतीत धोका अमरवेलीचा असतो. अमरवेलीचे बी घासाच्या बियांपेक्षा बारीक असल्यामुळे योग्य आकाराच्या चाळणीने बरेचसे वेगळे होते, तरी प्रमाणित बियाणे घेणे हाच खरा उपाय आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या जुन्या घासातून गोळा केलेले स्वस्त बियाणे घेण्याचा मोह टाळावा. अमरवेल एकदा शेतात आली की तिचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते.

स्टायलो, दशरथ घास आणि सुबाभूळ यांच्या बियांचे कवच इतके टणक असते, की प्रक्रियेविना पेरल्यास त्यातील थोडेच बी पहिल्या पावसात उगवते. त्यासाठी सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्यात बी ४ ते ५ मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावे व रात्रभर भिजू द्यावे. तापमापक घरात नसेल तर खळखळ उकळलेले पाणी ३ भाग आणि साधे पाणी १ भाग मिसळावे, म्हणजे जवळपास तेवढेच तापमान मिळते. बी थेट आधणाच्या पाण्यात उकळू नये, अंकुर मरतो.

यानंतर जिवाणू संवर्धकाची पाळी येते. येथे नेमकेपणा आवश्यक आहे, कारण मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणू द्विदल पिकांच्या गटागटाला वेगळे असतात. चवळी आणि स्टायलो यांना चवळी गटाचे जिवाणू चालतात, परंतु लसूणघास आणि बरसीम यांना प्रत्येकी स्वतःचे वेगळे संवर्धक लागते. सोयाबीनसाठी आणलेले उरलेले पाकीट बरसीमला चोळून उपयोग नाही. प्रति किलो बियाण्यास २५ ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी व जिवाणू सर्वांत शेवटी लावावेत. जिवाणू लावलेले बी रासायनिक खतात मिसळू नये.

प्रक्रिया साधली की नाही हे पीक स्वतः सांगते. उगवणीनंतर चार-पाच आठवड्यांनी दोन-चार रोपे खुरप्याने मातीसह उकरून घ्यावीत, कारण ओढून काढल्यास गाठी मातीतच तुटून राहतात. गाठ नखाने फोडल्यावर आत लालसर-गुलाबी रंग दिसला तर हवेतील नत्र स्थिर करण्याचे काम सुरू आहे. आत पांढरा वा हिरवट रंग दिसला आणि पीकही पिवळट असेल, तर तेवढ्यापुरता युरियाचा हलका हप्ता द्यावा व पुढील हंगामात संवर्धक बदलावे.

खरीप आणि उन्हाळा : चवळी

नवख्या माणसाने चवळीपासून सुरुवात करावी, कारण हे पीक ५५ ते ६५ दिवसांत हाती येते आणि चूक झालीच तरी हंगाम वाया जात नाही. चाऱ्यासाठी पसरणारे, भरपूर पानांचे वाण लागतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा श्वेता, तसेच ईसी-४२१६ व यूपीसी-५२८६ हे चाऱ्याचे ओळखीचे वाण आहेत. बाजारात भाजीच्या शेंगांसाठी मिळणारी बुटकी चवळी चाऱ्याला घेऊ नये. एकरी १६ किलो बियाणे ३० सेंटिमीटर अंतरावरील तासांत पेरावे. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की पेरणी करता येते आणि जुलैअखेरपर्यंत ती चालते. भारी जमिनीत सपाट पेरणी टाळून रुंद वाफा व सरी पद्धत घ्यावी, कारण जुलै-ऑगस्टच्या झडीत दोन दिवस पाणी तुंबले तरी चवळीची मुळे सडू लागतात आणि पाने पिवळी पडतात. पहिले तीन-चार आठवडे एक निंदण व एक डवरणी झाली की पुढे वेल स्वतःच तण झाकून टाकतात.

निव्वळ चवळीपेक्षा मका किंवा ज्वारीबरोबर घेतलेली चवळी मला अधिक पसंत आहे. एकदल पिकाच्या दोन ओळी व चवळीची एक ओळ अशी पेरणी केल्यास वेलाला आधार मिळतो, कापणी सोपी होते, आणि ऊर्जा व प्रथिने यांचा मेळ शेतातच बसून कुट्टी तयारच मिसळून येते. यात मका अधिक निर्धोक आहे. ज्वारी घेतल्यास ती फुलोऱ्यात येण्यापूर्वी कापू नये. कोवळ्या, विशेषतः पावसाच्या खंडात सुकलेल्या ज्वारीत विषारी सायनाइड तयार करणारे द्रव्य जास्त असते आणि त्यामुळे जनावरे थोड्या वेळात दगावतात. चवळी पन्नास टक्के फुलोऱ्यात, मोजक्या कोवळ्या शेंगा दिसू लागताना कापावी. शेंगा भरेपर्यंत थांबल्यास वजन वाढल्यासारखे वाटते, पण पाने गळून खालचे वेल चरबट होतात. निव्वळ चवळीचा एकरी १०० ते १२० क्विंटल हिरवा चारा चांगल्या व्यवस्थापनात मिळतो.

उन्हाळी चवळी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात व मार्चच्या मध्यात अशा दोन हप्त्यांत पेरावी, म्हणजे एप्रिलअखेर आणि मेच्या मध्यात चारा मिळतो. पाणी ८ ते १० दिवसांनी लागते. या हंगामात मावा आणि पांढरी माशी त्रास देतात, आणि पांढरी माशी पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग पसरवते. मोझॅकची पहिली झाडे दिसताच उपटून टाकावीत. माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. चाऱ्याच्या पिकावर रासायनिक कीटकनाशक शक्यतो वापरूच नये. प्रादुर्भाव वाढत असेल तर पीक आठ दिवस आधी कापून मोकळे व्हावे, हा बहुधा फवारणीपेक्षा स्वस्त आणि जनावरासाठी सुरक्षित मार्ग असतो.

आणखी एक गोष्ट. हिंगणा, काटोल, रामटेक, पारशिवनी या तालुक्यांत जंगलालगत रोही (नीलगाय) आणि रानडुकरे यांचा उपद्रव असतो, आणि चवळी रोह्यांना फार आवडते. चाऱ्याचा तुकडा शक्यतो कोठ्याजवळ व वस्तीलगत ठेवावा. रोजची वाहतूकही वाचते.

हिवाळा : बरसीम

बरसीम हे मूळचे भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशातील पीक असून विसाव्या शतकाच्या आरंभी ते इजिप्तहून भारतात आले. त्याला थंडी लागते, आणि नागपूरची थंडी आखूड आहे, हे लक्षात घेऊनच त्याचे वेळापत्रक आखावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरल्यास उगवण विरळ होते. डिसेंबरमध्ये पेरल्यास एक-दोन कापण्या बुडतात. कोजागरीनंतर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ आपल्याकडे योग्य आहे. सोयाबीन किंवा हलका धान निघालेली जमीन यासाठी वेळेवर रिकामी होते. वरदान, जेबी-१ व मेस्कावी हे वाण मिळतात. वाणापेक्षा पेरणीची तारीख अधिक महत्त्वाची.

जमीन भुसभुशीत व सपाट करून लहान वाफे बांधावेत, वाफ्यात चार-पाच सेंटिमीटर पाणी सोडून ते ढवळावे आणि रात्रभर भिजवून जिवाणू लावलेले बी एकरी १२ किलो या प्रमाणात त्या पाण्यातच सारखे फोकावे. पाणी मुरले की बी गाळात अलगद रुतते आणि खपली न धरता उगवते. चार-पाच दिवसांनी दुसरे हलके पाणी द्यावे, पुढे १० ते १५ दिवसांच्या अंतराने द्यावे. बरसीमची पहिली कापणी हलकी असते. ती भरीव व्हावी म्हणून एकरी अर्धा किलो मोहरीचे बी सोबत फोकण्याची रीत चांगली आहे, फक्त मोहरी फुलावर येऊन चरबट होण्याआधी कापली गेली पाहिजे.

पहिली कापणी ४५ ते ५५ दिवसांनी आणि नंतरच्या २५ ते ३० दिवसांनी, जमिनीपासून पाच ते सात सेंटिमीटर ठेवून कराव्यात. या रीतीने मार्चअखेरपर्यंत चार ते पाच कापण्या होतात व एकरी सुमारे २०० क्विंटल चारा मिळतो.

आता क्षेत्र किती ठेवावे, याचे उदाहरण पाहू. पाच दुभत्या गाईंना प्रत्येकी ६ ते ८ किलो द्विदल चारा म्हणजे रोज ३० ते ४० किलो लागतो. वरील उत्पादनानुसार १० गुंठ्यांतून चार महिन्यांत ५० क्विंटल, म्हणजे रोज सरासरी ४० किलो चारा निघतो. पाच गाईंना १० गुंठे पुरतात. एकरभर पेरून पुढे चारा चरबट झाला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. या १० गुंठ्यांचे साधारण ३६ चौरस मीटरचे २८ पट्टे पाडावेत आणि रोज एक पट्टा कापावा, म्हणजे शेवटचा पट्टा कापून होईपर्यंत पहिला पुन्हा कापणीला येतो. अडचण फक्त पहिल्या फेरीत येते, कारण सगळे पट्टे एकाच वेळी वाढतात; म्हणून अर्धे क्षेत्र पहिल्या हप्त्यात व उरलेले १२ ते १५ दिवसांनी पेरावे. ही पट्टापद्धती लसूणघासालाही तशीच लागू आहे. तिच्यामुळे विळा नियमाने चालतो, आणि चारापिकात नियमित विळ्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

लसूणघास

लसूणघास बहुवर्षीय आहे खरा, पण तीन-चार वर्षे टिकणाऱ्या घासाची वर्णने वाचून आपल्या भारी काळ्या जमिनीत तशीच अपेक्षा धरू नये. पावसाळ्यात मुळाशी पाणी थांबले की मूळकूज सुरू होते आणि झाडांची संख्या विरळ होत जाते. माझ्या मते नागपूरकडे हे पीक दीड वर्षाचे धरून चालावे. उंचवट्यावरच्या, निचऱ्याच्या जमिनीत त्याहून जास्त टिकले तर तो फायदा समजावा. आरएल-८८ आणि आणंद-२ हे वाण बहुवर्षीय लागवडीसाठी वापरात आहेत.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, एकरी १० किलो बियाणे २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावरील ओळींत, एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता पेरावे. फोकून पेरलेल्या घासात निंदण करता येत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत तणाने गाठलेला घास पुन्हा सावरत नाही. म्हणून ओळींचा आग्रह धरावा. पाणी हिवाळ्यात १० ते १२ दिवसांनी व उन्हाळ्यात ६ ते ८ दिवसांनी द्यावे. कापणीच्या तीन-चार दिवस आधी पाणी बंद ठेवून कापणीनंतर द्यावे, म्हणजे ओल्या जमिनीत पाय पडून माती दाबली जात नाही.

पहिली कापणी मात्र घाईने करू नये. पेरणीनंतर ५५ ते ६० दिवसांनी, तुरळक फुले दिसू लागल्यावर ती करावी, कारण तोपर्यंत झाड मुळांत व खोडाच्या बुंध्यात अन्नसाठा भरत असते आणि पुढच्या प्रत्येक कापणीनंतरची फूट याच साठ्यावर येते. त्यानंतर २५ ते ३० दिवसांनी, कळ्या धरून सुमारे दहा टक्के फुलोरा दिसताना कापत राहावे. कोवळा चारा गाईला आवडतो म्हणून १८-२० दिवसांनीच विळा लावणाऱ्यांचा घास सहा महिन्यांत विरळ होतो. त्याचे खापर बियाण्यावर फोडले जाते, पण कारण रिकामा झालेला मुळांतील साठा असतो. तारखेपेक्षा बुंध्याकडे पाहावे : बुंध्यातून दोन-तीन सेंटिमीटरचे नवे फुटवे डोकावू लागले, की जुने खोड कापण्यास हरकत नाही. हे फुटवे वाचावेत म्हणून कापणी सहा-सात सेंटिमीटरपेक्षा खाली नको. मृगाच्या आधीची एक कापणी मुद्दाम पूर्ण फुलोऱ्यापर्यंत लांबवावी, म्हणजे भरल्या साठ्यानिशी पीक पावसाळ्यात जाते. पावसाळ्यात ओळींच्या दोन्ही बाजूंनी चर काढून पाणी बाहेर काढावे आणि शेतात पाणी उभे असताना कापणी करू नये.

अमरवेलीचे पिवळे, बिनपानी तंतू दिसले तर वेळ घालवू नये. ती जागा व भोवतालचे एक मीटर क्षेत्र जमिनीलगत कापून तिथेच जाळावे. तो चारा जनावरांना घालणे चूक आहे, कारण अमरवेलीचे पक्के बी शेणातून जसेच्या तसे बाहेर पडून शेणखताबरोबर साऱ्या शेतात पसरते.

धुरा आणि बरड

दशरथ घास हे धुऱ्यासाठी आणि थोड्या पाण्यासाठी माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पीक आहे. त्याने पोटफुगी होत नाही, सुबाभळीतील मायमोसिन हे घातक द्रव्य त्यात नाही, उन्हाळा ते चांगला सोसते आणि एकदा रुजले की अनेक वर्षे चारा देते. सलग लागवडीस एकरी ८ किलो बियाणे ५० सेंटिमीटर ओळींत लागते. धुऱ्यावर एक-दोन ओळी पुरतात. पहिली कापणी ९० दिवसांनी आणि नंतर दर ४० दिवसांनी, ३० ते ५० सेंटिमीटर उंची राखून करावी. शेंगा पिकू दिल्यास बी शेजारच्या शेतात उगवून तणाचा त्रास होतो, तेव्हा कापणी लांबवू नये.

बरड जमिनीत स्टायलो एकरी ४ किलो, मातीवर जेमतेम झाकेल इतके वरवर पेरावे. पहिल्या वर्षी त्याची वाढ इतकी मंद असते, की अनेकजण पीक फसले असे समजून वखर घालतात. तसे करू नये. दुसऱ्या वर्षापासून गळलेल्या बियांतून ते स्वतः दाट होत जाते. भारी काळ्या कोरडवाहू जमिनीत मारवेलसारख्या गवताबरोबर गोकर्णाचा वेल लावण्याचा प्रयोग करण्यासारखा आहे, कारण चिकण काळी माती त्याला चांगली मानवते.

सुबाभळीचा पाला पौष्टिक आहे, परंतु एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालू नये. मायमोसिनमुळे केस गळणे आणि गलग्रंथी वाढणे हे विकार होतात. घोड्यांना तो अजिबात देऊ नये.

या सर्व बहुवर्षीय पिकांचा खरा शत्रू कीड नसून उलंगवाडी आहे. कपाशीची वेचणी संपली की गावातील ढोरे मोकळी सुटतात आणि धुऱ्यावरची कोवळी रोपे मुळासकट खाल्ली जातात. पहिल्या वर्षी काटेरी कुंपण घालणे शक्य नसेल, तर धुऱ्यावरची लागवड न केलेली बरी.

संत्र्याच्या बागेत

काटोल-नरखेड-कळमेश्वर पट्ट्यात मोकळ्या जमिनीपेक्षा बागच जास्त असल्याने आंतरपिकाचा प्रश्न येतोच. पहिल्या चार-पाच वर्षांच्या बागेत खरिपाची चवळी घेण्यास हरकत नाही. झाडाच्या बुंध्यापासून किमान एक मीटर जागा मोकळी ठेवावी, कारण तेथे सतत ओल राहिल्यास फायटोफ्थोरा या रोगकारकाची मूळकूज व डिंक्या बळावतो. लसूणघास मात्र बागेत लावू नये. बहार धरण्यासाठी झाडांना ताण द्यावा लागतो, आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये, आणि नेमके त्याच वेळी घासाला पाणी हवे असते. दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेलेच.

दावणीला घालताना

कोवळा बरसीम आणि लसूणघास यांच्यामुळे पोटात फेस साठून पोटफुगी होते. उपाशी जनावरासमोर नुसता हिरवा घास कधीही टाकू नये. आधी कुटार किंवा तणस खाऊ द्यावी, घास कापून काही तास सुकू द्यावा आणि कडबाकुट्टीतून काढून सुक्या वैरणीत मिसळूनच घालावा. दव असताना कापलेला चारा लगेच देऊ नये. नवीन चारा ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा, आणि एकूण हिरव्या चाऱ्यात द्विदलाचा वाटा साधारण एक तृतीयांश ठेवावा. डावी कूस फुगून जनावर अस्वस्थ दिसल्यास त्याचे पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करून पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवावे. नळीने घाईघाईत औषध पाजताना ते श्वासनलिकेत गेल्यास दुसरेच संकट ओढवते. द्विदल चाऱ्यात चुना (कॅल्शियम) भरपूर असला तरी स्फुरद त्या मानाने कमी असते, त्यामुळे खुराकात गव्हाचा कोंडा व खनिज मिश्रण चालू ठेवावे.

उरलेला चारा

फेब्रुवारी-मार्चमध्ये चारा जास्त आणि मेमध्ये काहीच नाही, ही स्थिती टाळण्यासाठी लसूणघास वाळवून ठेवावा. सकाळी दव उडाल्यावर कापून पातळ पसरावा, एकदाच उलटावा आणि पाने ठिसूळ होण्यापूर्वी सावलीत आणावा, कारण प्रथिनांचा मोठा भाग पानांत असतो आणि आपल्या उन्हात ती चुरा होऊन मातीत जातात. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आला की गंज रचावी. खोड वाकवल्यावर कडकन मोडले पाहिजे. त्याहून ओला चारा रचल्यास बुरशी धरते. मुरघासासाठी निव्वळ द्विदल चारा घेऊ नये. त्यात साखर कमी असल्याने तो आंबण्याऐवजी नासतो, तेव्हा मक्याच्या तीन-चार भागांत एक भाग चवळी मिसळावी.

चवळीचे बियाणे घरचे राखता येते. त्यासाठी कडेचा एखादा रोगमुक्त पट्टा न कापता सोडावा, शेंगा वाळतील तशा तोडाव्यात आणि बी कडक उन्हात चांगले वाळवून हवाबंद डब्यात ठेवावे, अन्यथा भुंगेरे दोन महिन्यांत त्याची चाळण करतात. मृग लागण्यापूर्वी त्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजावी. पाच-सहा दिवसांत ८० पेक्षा कमी दाणे उगवले तर एकरी १६ किलोंऐवजी त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, आणि ६० पेक्षाही कमी उगवले तर ते बी चुनीत घालून नवे आणावे.